स्फटिक मोडतो कसा आणि सांधतो कसा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बर्झेलियस हा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ १८१५ च्या सुमारास गॅडोलिनाइट नावाचं काळं खनिज तापवत होता. तापता तापता ते एका क्षणी आतूनच लख्ख पेटल्यासारखं उजळलं. निवल्यावर तोच तुकडा पुन्हा तापवला, तर काही नाही. उजेड एकदाच मिळाला. खनिजात काहीतरी साठून राहिलं होतं आणि ते एका झटक्यात बाहेर पडलं, एवढंच तेव्हा कळलं.

पुढे १८९३ मध्ये ब्रोगर या नॉर्वेजियन खनिजशास्त्रज्ञाने अशा खनिजांना 'मेटामिक्ट' असं नाव दिलं. यांचं बाहेरचं रूप अस्सल स्फटिकाचं असतं: सरळ कडा, सपाट पैलू, सगळं जिथल्या तिथे. फोडून पाहिलं तर आत काचेसारखा तुकडा. कवच स्फटिकाचं आणि आत सगळा गोंधळ. ब्रोगरला कारण सापडणं शक्यच नव्हतं, कारण किरणोत्सर्गाचा शोधच १८९६ चा. नाव आधी आलं, कारण मागून आलं. विज्ञानात हे वरचेवर होतं आणि त्यात कमीपणा काही नाही.

कारण असं. या खनिजांत युरेनियम आणि थोरियम थोड्या प्रमाणात असतं. त्यांचे अणू आतल्या आत फुटत राहतात आणि भोवतालची रचना मोडत राहतात, कोट्यवधी वर्षं. आपण आज अणुकचरा खनिजांत कोंडून ठेवू पाहतो आहोत; निसर्गाने ते फार आधी करून ठेवलं आहे. खनिजाच्या पोटात किरणोत्सर्गी अणू कोंडले, तर पुढे काय होतं? उत्तर संग्रहालयांच्या कपाटांत पडलेलं आहे. वाचता यायला हवं.

आता आत नेमकं काय मोडतं ते पाहू. प्लुटोनियम २३९ चा अणू फुटतो तेव्हा अल्फा कण बाहेर पडतो, साधारण ५.२ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा. बंदूक झाडली की खांद्याला धक्का बसतो, तसा मागे उरलेल्या केंद्रकालाही (ते आता युरेनियमचं झालेलं असतं) उलटा धक्का बसतो. त्याच्या वाट्याला येणारी ऊर्जा जेमतेम ८६ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, अल्फाच्या साठाव्या हिश्श्याइतकी. मग जास्त नुकसान कोण करतं? सगळे म्हणतात अल्फा. चूक. अल्फा कण हलका आणि वेगवान. तो वीसेक मायक्रोमीटर धावतो, वाटेत बहुतेक ऊर्जा इलेक्ट्रॉनांना ढोसण्यात घालवतो आणि मोजक्याच अणूंना जागेवरून हलवतो. धक्का खाल्लेलं केंद्रक मात्र जड आणि संथ. ते तीस-चाळीस नॅनोमीटरच जातं, पण तेवढ्या टिचभर जागेत कॅरमच्या मांडलेल्या सोंगट्यांवर स्ट्रायकर आदळावा तसा सगळा डाव उधळून देतं. थकलेला अल्फा कण शेवटी दोन इलेक्ट्रॉन पकडून हेलियम होतो आणि तिथेच अडकून बसतो. त्याचा उपद्रव वेगळा. आज तो बाजूला ठेवतो.

अणुकचऱ्यातल्या सीझियम १३७ आणि स्ट्रॉन्शियम ९० ची गोष्ट निराळी. त्यांचे बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, अणू फारसे हलवत नाहीत, उष्णता मात्र देतात. त्यांचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे तीस वर्षांचा, त्यामुळे ते काही शतकांत निवतात. प्लुटोनियम २३९ चा अर्धायुकाल २४,१०० वर्षं. खरी परीक्षा त्याच्याकडून आहे.

एका अणूच्या फुटण्याने होणारी ही जखम लहानच. पण जखमा वाढत जातात तेव्हा काय होतं, ते समजायला अंगणात पडणारा पाऊस आठवा. पहिले थेंब सुटे पडतात आणि अंगण कोरडंच म्हणावं लागतं. मग ओले ठिपके एकमेकांना भिडतात आणि अचानक लक्षात येतं की ओल अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडली गेली. अंगण पूर्ण भिजलेलं नसतं. झिर्कॉनसारख्या खनिजात मोडलेला भाग तीसेक टक्के झाला की हे घडतं. पाणी आत शिरायला आणि आतले अणू बाहेर पडायला सलग वाट मिळते. म्हणून 'किती टक्के मोडलं' या आकड्यापेक्षा 'मोडलेलं एकमेकांना जोडलं गेलं का' हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

झिर्कॉन म्हणजे झिर्कोनियम सिलिकेट. भूशास्त्रज्ञांचं हे लाडकं खनिज. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे काही कण सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत; पृथ्वीवर घडलेला त्याहून जुना खनिजकण आजवर मोजलेला नाही. साहजिकच अनेकांना वाटलं, एवढं टिकणारं खनिज प्लुटोनियम कोंडायला उत्तम. इथे मी थोडा वाकडा प्रश्न विचारतो. जे टिकले तेच आपल्याला भेटले ना? ज्यांत युरेनियम जास्त होतं, जे मोडून सच्छिद्र झाले आणि पाण्याने विरघळवून नेले, ते कुणाला भेटायचे? शिवाय कमी युरेनियमचा झिर्कॉन आणि दहा टक्के प्लुटोनियमचा झिर्कॉन यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

हिशेब फळ्यावर मांडून दाखवतो, कागदाच्या पाठीवर मावेल इतका सोपा आहे. एक ग्रॅम प्लुटोनियम २३९ मध्ये दर सेकंदाला सुमारे २३० कोटी अणू फुटतात. एक ग्रॅम झिर्कॉनमध्ये त्याचा दहावा हिस्सा भरला, तर २३ कोटी. दर फुटीमागे साधारण पाच हजार अणू जागेवरून हलतात असं धरा. ग्रॅमभर झिर्कॉनमधल्या अणूंच्या संख्येला या वेगाने भागा. उत्तर येतं पाच-सहाशे वर्षं. तेवढ्यात सरासरी प्रत्येक अणूला एकदा जागा सोडावी लागते. अर्धायुकालाच्या चाळिसाव्या भागात!

पाच हजार हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. केंब्रिजचे इयन फार्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतला तो आहे. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांनी प्लुटोनियम असलेल्या झिर्कॉनवर न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स वापरला. रुग्णालयातलं एमआरआय ज्या तत्त्वावर चालतं तेच हे. फक्त रुग्णाऐवजी सिलिकॉनचे अणू मोजले. आधी समजूत होती एक ते दोन हजार अणूंची. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की दहा टक्के प्लुटोनियम २३९ असलेला झिर्कॉन १,४०० वर्षांतच अस्फटिकी, म्हणजे आतून काचेसारखा होईल. हवं होतं २,४१,००० वर्षं टिकणं, म्हणजे दहा अर्धायुकाल. बातम्यांत याचं 'सगळं फसलं' असं झालं. ते मला पटत नाही, पण काय पटतं ते सांगायला अजून थोडं जायचं आहे.

मोडलेला झिर्कॉन फुगतो, सुमारे १८ टक्के. घनता ४.७ वरून ३.९ च्या आसपास उतरते. भोवतालचा न मोडलेला भाग हे फुगणं सहन करत नाही, तो तडकतो. खडकांचं वय मोजणारे लोक याचा फायदा उठवतात: कण आधी भट्टीत तापवायचा, मग हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकायचा. बिघडलेला भाग आधी विरघळून जातो आणि निरोगी गाभा मोजणीला उरतो. आपल्याला तेच उलट वाचायचं आहे. बिघडलेला भाग आधी विरघळतो.

आता दुसरं खनिज घ्या. मोनाझाइट, म्हणजे सेरियम वगैरे दुर्मिळ मृदांचं फॉस्फेट. यात थोरियम दहा टक्क्यांपर्यंतही सहज असतं, म्हणजे किरणोत्सर्गाचा मार सामान्य झिर्कॉनपेक्षा कितीतरी जास्त. तरी निसर्गात ते जवळजवळ नेहमीच स्फटिकी सापडतं. मार बसत नाही असं नाही. बसलेला मार भरून निघतो. झिर्कॉनमध्ये मोडलेल्या जागी सिलिकेटचे सुटे चौफलक (एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन) एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात. एकदा साखळी जुळली की प्रत्येकाला आपल्या मूळ जागी परतणं अवघड. फॉस्फेटचे चौफलक तसे हात गुंफत नाहीत, सुटेच राहतात, आणि थोड्या उष्णतेतही परत रांगेत उभे राहतात.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. पायरोक्लोर या घडणीची दोन संयुगं: गॅडोलिनियम टायटनेट आणि गॅडोलिनियम झिर्कोनेट. घडण तीच, फरक फक्त टायटॅनियम की झिर्कोनियम एवढा. आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, मारा केला की पहिलं अस्फटिकी होतं. दुसरं कितीतरी पट जास्त मारा खाऊनही स्फटिकीच राहतं. या सभागृहाकडे पाहा. सगळे साधारण एका अंगलटीचे असाल, तर गोंधळात कुणी कुणाच्याही खुर्चीवर बसलं तरी रांगा टिकतात. गॅडोलिनियम आणि झिर्कोनियम आकाराने जवळचे. जागांची अदलाबदल त्यांना फार महाग पडत नाही, म्हणून रचना थोडी बेशिस्त होते पण कोसळत नाही. टायटॅनियम लहान. चुकीच्या खुर्चीत ते बसत नाही आणि रांगच विस्कटते. २००० साली सिकाफस आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात याच दिशेचा युक्तिवाद मांडला. ज्या स्फटिकाला जराशी अव्यवस्था परवडते, तो मारही सोसतो.

म्हणून 'सगळं फसलं' मला पटत नाही. झिर्कॉनबद्दलची आशा खाली आली, हे खरं. पण प्रश्न झिर्कॉनपुरता कधीच नव्हता. कणखरपणा मोजत बसण्यापेक्षा सांधण्याची ताकद मोजायला हवी होती.

आणखी एक गुंता. अस्फटिकी झालं म्हणजे गळलंच, असंही नाही. झिर्कोनोलाइट घ्या. ऑस्ट्रेलियात टेड रिंगवूड या भूरसायनशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस अणुकचरा कोंडायला सिनरॉक नावाचा कृत्रिम खडक सुचवला, त्यातलं हे एक मुख्य खनिज. याचे नैसर्गिक नमुने पार अस्फटिकी झालेले सापडतात, तरी युरेनियम-थोरियम पोटात धरून बसलेले. ते फुगतातही झिर्कॉनपेक्षा बरेच कमी. काचेचंही तसंच. उच्च पातळीचा अणुकचरा आज मुख्यतः बोरोसिलिकेट काचेत ओततात. काचेत मोडायला स्फटिकरचनाच नसते, म्हणून या मारात तिचं आकारमान फारसं बदलत नाही. तिची काळजी पाण्याची, आणि ती वेगळ्या व्याख्यानाची.

प्रयोगाच्या सापळ्याबद्दलही सांगायला हवं. हजारो वर्षं थांबता येत नाही, म्हणून घाई करावी लागते. एक वाट प्लुटोनियम २३८ ची. त्याचा अर्धायुकाल ८७.७ वर्षं, म्हणजे तो २३९ पेक्षा सुमारे २७५ पट वेगाने फुटतो. त्याने भरलेला झिर्कॉन सहा-सात वर्षांत अस्फटिकी झाला. दुसरी वाट त्वरकातून आयनांचा मारा. शतकांचं नुकसान काही तासांत. अडचण अशी की जखमा घाईने करता येतात, भरणं घाईने करता येत नाही. वेगवान प्रयोगात मोडणं पूर्ण दिसतं, सांधणं अर्धवट. मोनाझाइटसारख्या पदार्थावर असा प्रयोग अन्याय करू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी तापमान बदलून पाहावं लागतं: किती अंशांच्या वर हा पदार्थ कितीही मारलं तरी अस्फटिकी होत नाही? झिर्कॉनचा हा आकडा काहीशे अंशांच्याही पुढे जातो. भूगर्भातल्या साठवणीत एवढी उष्णता मिळत नाही, आणि सीझियम-स्ट्रॉन्शियम निवल्यावर तर मुळीच नाही.

मघाशी एकाने विचारलं, मग तुम्ही कशात भरला असता? वेगळं काढलेलं प्लुटोनियम असेल तर मी आधी झिर्कोनेट पाहिलं असतं, मग मोनाझाइट. झिर्कॉन शेवटी. आणि तिन्ही नमुने पाण्यात बुडवून ठेवल्याशिवाय कुणाचंच नाव नक्की केलं नसतं.