मुरूम, माती आणि पाण्याचा वेग

बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम उरकून घेतो. टेबलावर पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या बरण्या आहेत आणि दोन्हींच्या तोंडाशी तारेची जाळी अडकवलेली आहे. माझ्या हातातली ही दोन ढेकळं एकाच शेतातली, लिंबाएवढी, सावलीत कडकडीत वाळवलेली. हे पहिलं शेताच्या मधलं. तिथे वर्षानुवर्षं नांगर फिरलाय. हे दुसरं त्याच शेताच्या बांधावरचं. तिथे गवत आहे आणि जमीन कुणी कधी उकरलेली नाही. खडक तोच, पाऊस तोच. दोन्ही ढेकळं जाळीवर, पाण्यात बुडतील अशी ठेवतो. आता त्यांना त्यांच्या वाटेवर सोडू आणि आपण दगडांकडे वळू.

हा पहिला दगड काळा बेसॉल्ट. हातोडीने वाजवला तर खणखणतो. हा दुसरा, तपकिरी, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत चाललेला. आणि हा तिसरा. बघा, बोटांनी चुरडतोय. याला आपण मुरूम म्हणतो. तिन्ही तुकडे एकाच कातळातले. आतला भाग अजून ताजा आहे, वरचा कुजलाय. 'कुजलेला दगड' हा शब्द मला फार आवडतो. खडक नुसता फुटत नाही, तो खरोखर कुजतो.

फुटणं आणि कुजणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, पण एकमेकींच्या मदतीने चालतात. भेगेत शिरलेलं पाणी थंड प्रदेशात गोठतं, तेव्हा त्याचं आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं आणि भेग रुंदावते. झाडाची मुळंही पाचरीसारखं काम करतात. यातून खडकाचे तुकडे होतात, पण ते तुकडे अजून खडकच असतात. मात्र एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार ठोकळे केले, की तेच पृष्ठफळ ६० होतं. पाण्याला भिडायला दहापट जागा मिळते आणि मग कुजणं जोर धरतं.

पापुद्र्यांचं कारणही यातच आहे. चौकोनी तुटलेल्या दगडाच्या सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेने काम करतं, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. म्हणून कोपरे आधी जातात आणि आत गोटा उरतो. डोंगर खोदून काढलेल्या रस्त्याकडेला असे गोटे एकावर एक रचल्यासारखे दिसतात. अनेकांना वाटतं, ते नदीने वाहून आणलेत. ते जागच्या जागी घडलेले असतात.

आता कुजतं म्हणजे नेमकं काय होतं? पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. पण खरी गंमत जमिनीत शिरल्यावर आहे. मुळं आणि सूक्ष्मजीव सतत श्वास घेतात, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा दहापट, कधी शंभरपट असतो. त्यातून झिरपणारं पाणी खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम सोडवून घेतं. लोहाला गंज चढतो, म्हणून हा दगड तपकिरी. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते आणि क्वार्ट्झ हे दुसरं, टणक खनिज वाळू म्हणून मागे राहतं. कोणतं खनिज आधी विरघळतं याचा क्रम गोल्डिच या भूवैज्ञानिकाने १९३८ मध्ये मांडला. तापलेल्या शिलारसातून जे सर्वांत आधी घट्ट झालं, तेच पृष्ठभागावर सर्वांत आधी कुजतं. ज्या उष्णतेत ते जन्मलं, तिच्यापासून ते सर्वांत दूर आलेलं असतं.

इतकं झालं तरी हाती आला तो भुगा. त्याची माती होते ती सजीवांमुळे. डार्विनने गांडुळांवर चाळीसेक वर्षं लक्ष ठेवलं होतं. डिसेंबर १८४२ मध्ये घराजवळच्या एका कुरणावर खडूचे तुकडे पसरले गेले. नोव्हेंबर १८७१ मध्ये, २९ वर्षांनी, त्याने तिथे चर खणवला. तेव्हा खडूची पांढरी रेघ ७ इंच खाली सापडली. खडू कुणी पुरला नव्हता. गांडुळं खालची माती वर आणून टाकत राहिली आणि खडू हळूहळू गाडला गेला.

यावरून कुणी म्हणेल, २९ वर्षांत ७ इंच माती तयार झाली. तसं नाही. ती माती तिथेच होती, फक्त खालची वर आली. खडकातून नवी एक सेंटिमीटर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, कठीण खडक आणि कोरडं हवामान असेल तर हजारावर. म्हणजे आपल्या हिशेबी माती हे उत्पन्न नव्हे, ती ठेव आहे.

आणि ही ठेव नेतं कोण? तेच पाणी, ज्याने ती घडवली. म्हणूनच मी आज एवढा वेळ दगडांत घालवला. झिरपणारं पाणी खडकाची माती करतं आणि धावणारं पाणी तीच माती उचलून नेतं. मध्ये बदलतो तो फक्त वेग. एक जुना नियम असा की प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर तो ढकलू शकेल त्या दगडाचं वजन ६४ पट होतं. 'धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्या पाण्याला थांबायला लावा,' असं पाणलोटाची कामं करणारी माणसं म्हणतात, त्यामागे हे गणित आहे.

पण धूप वाहत्या पाण्यापासून सुरू होत नाही, ती थेंबापासून सुरू होते. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला ८-९ मीटर वेगाने उघड्या मातीवर आदळतो, ढेकूळ फोडतो, बारीक कण उडवतो. ते कण छिद्रांत बसतात आणि वरचा थर लिंपल्यासारखा होतो. मग पाणी मुरत नाही, ते धावतं.

म्हणून बांधबंदिस्तीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. समपातळी चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), ताली म्हणजे शेतातले आडवे बांध, दगडी बांध हे सगळं हवंच, विशेषतः उतारावर. पण बांध माती अडवतो तो ती जागची हलल्यावर. जमिनीवरचं गवताचं, पाल्याचं आच्छादन तिला हलूच देत नाही. आणि पातळी चुकलेला बांध तर नसल्यापेक्षा वाईट. सगळं पाणी एका सखल जागी साचतं, तिथे बांध फुटतो आणि ओहोळाची घळ होते.

आच्छादन गेलं की वाराही पुरतो. अमेरिकेच्या मधल्या मैदानांत गवताची जाड साय नांगरून गहू पेरला गेला, आणि १९३० च्या दशकात दुष्काळ पडल्यावर जमीन आकाशात उडाली. १९३५ च्या वसंतात ह्यू बेनेट हा मृदाशास्त्रज्ञ वॉशिंग्टनमध्ये मृदासंधारणाची बाजू मांडत होता, तेव्हा ती धूळ राजधानीपर्यंत पोचली. २७ एप्रिलला मृदासंधारणाच्या कायद्यावर सही झाली.

मला त्याहून मोठा धडा वाटतो तो याकुबा सावादोगो या पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या शेतकऱ्याचा. १९८० च्या सुमाराचा दुष्काळ, जमिनीचा वरचा थर विटेसारखा कडक. लोक गाव सोडून चालले होते. त्या भागात 'झाई' नावाचे वीतभर रुंदीचे खड्डे करण्याची जुनी रीत होती. याकुबाने ते मोठे केले, पावसाआधी, ऐन कोरड्या दिवसांत खणले आणि त्यांत शेणखत घातलं. शेजाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. खताच्या ओढीने वाळवी आली आणि तिने खाली बोगदे पोखरले. पहिल्या सरीचं पाणी त्या बोगद्यांतून आत उतरलं. जी वाळवी आपण शत्रू समजतो, तिने कुदळीचं काम केलं. खतातल्या बियांची झाडंही उगवली. पुढे त्याने तिथे जवळजवळ ४० हेक्टरांचं रान वाढवलं. २०१८ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. बघा, त्याने पाण्याला फक्त थांबायला जागा दिली. बाकी काम जमिनीतल्या जीवांनी केलं.

आता बरण्यांकडे या. मागच्यांनी पुढे आलं तरी चालेल. नांगरलेल्या शेतातलं ढेकूळ जाळीवर जवळजवळ उरलेलं नाही. पाणी शिरताच आतली हवा दाबली गेली, तिने कण सुटे केले आणि सगळं खाली बसलं. तळाशी वाळू आहे, तिच्यावर पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक कण, आणि वरचं पाणी चहासारखं गढूळ, कारण चिकणमाती अजून तरंगतेय. उद्यापर्यंत ती तशीच राहील. बांधावरच्या ढेकळाचे कोपरे थोडे झडलेत, बाकी ते तसंच आहे आणि पाण्यातून खालचं टेबल दिसतंय. हात पुसून ते उचलून बघा. त्यातून बाहेर आलेले हे पांढरे धागे गवताची मुळं आहेत.