खडीन : मगऱ्यावरचा पाऊस, बांधामागचा गहू

(दृश्य : उघडाबोडका खडकाळ उतार, पायथ्याला मातीचा लांब बांध)

जैसलमेर जिल्हा. वर्षाचा पाऊस 200 मिलिमीटरच्याही आत, तोही जुलै ते सप्टेंबरमधल्या मोजक्या सरींत. तरी इथे हिवाळ्यात विहिरीच्या पाण्याशिवाय गहू उभा राहतो. ही खडीन शेती : उतारावरून वाहून आलेलं पावसाचं पाणी बांधाने अडवायचं, शेतात मुरवायचं आणि त्या ओलीवर पीक घ्यायचं. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून ती इथे वाढवली.

पाहुण्यांची नजर आधी बांधावर जाते. पाहायचा असतो तो वरचा उतार, मगरा. खडक-मुरमाची ही जमीन पाणी फारसं पीत नाही. वाळूच्या टेकड्यांखाली खडीन करण्यात अर्थ नसतो, तिथलं पाणी तिथेच जिरतं.

1 हेक्टर पेरायचं तर वर साधारण 12 ते 15 हेक्टर पाणलोट हवा. हिशेब करून पाहा. 12 हेक्टरांवर 25 मिलिमीटरची सर कोसळली आणि तिचा पाचवा हिस्सा वाहून आला, तर 6 लाख लिटर पाणी खाली उतरतं. 1 हेक्टरात ते 60 मिलिमीटर भरतं. थेट शेतात पडलेले 25 वेगळे. तेवढाच पाऊस दिवसभर रिमझिमला, तर मात्र खाली फारसं काही पोचत नाही.

(दृश्य : बांधाचा माथा, दगडी सांडवा)

बांध साधारण 100 ते 300 मीटर लांब, दीड ते साडेतीन मीटर उंच. पायातली सैल वाळू काढून घट्ट थरापर्यंत चर खणायचा, मग चिकट माती ओलवून पातळ थरांत धुमसायची, म्हणजे ठोकून घट्ट करायची. माथा एका पातळीत हवा. हातभर जागा जरी खचली, तरी पाणी तिथूनच चढतं आणि बघता बघता भगदाड पाडतं. म्हणून सांडवा, म्हणजे जादा पाण्याची बाहेर जायची वाट, माथ्यापेक्षा खाली, आणि त्याच्या पलीकडे दगडांचं अस्तर. नाहीतर पडतं पाणी पायाच उकरून काढतं. मोरी, म्हणजे साचलेलं पाणी सोडायचं दार, सर्वांत खोल जागी.

साचलेलं पाणी ऑक्टोबरपर्यंत मुरतं. नोव्हेंबर उजाडला तरी उरलं असेल, तर मोरी उघडतात. घाई केली, तर ओल खोल जात नाही आणि गहू ओंबीवर येताना सुकतो. उशीर झाला, तर दाणा भरताना ऊन गाठतं. वाफसा आला, म्हणजे जमीन नांगरण्याजोगी ओलसर झाली, की नांगरट आणि लगेच पेरणी : खोलगट भागात गहू, कडेच्या कमी ओलीत हरभरा. खताचं काम मगऱ्यावरून आलेला गाळ आणि शेण करतं. मुरलेलं पाणी बांधाखालून पुढे झिरपताना क्षारही नेतं, त्यामुळे शेत खारवत नाही. बांधापलीकडच्या उथळ विहिरीला याच झिरप्यावर पिण्याचं पाणी लागतं.

(दृश्य : बांधातली बिळं)

खडिनाचं खरं दुखणं वरून येतं. मगऱ्यावर रस्त्याचा भराव पडला किंवा खाण निघाली, की बांध शाबूत आणि शेत कोरडं. दुसरं दुखणं उंदरांचं. बिळाचं नुसतं तोंड बुजवलं, तर पाणी आतून वाट काढतं. बीळ शेवटपर्यंत खणून पुन्हा धुमसावं लागतं. गाळाने तळ चढतो, तेव्हा काही जण फक्त सांडवा उंचावतात. मग माथ्याशी अंतर उरत नाही, आणि पहिल्याच मोठ्या सरीला पाणी बांधावरून जातं.