पाचटाचा धूर आणि पॉल क्रुट्झेन

नमस्कार श्रोतेहो.

साखर कारखान्यांचा हंगाम सरत आला की वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यात संध्याकाळी रानोरान पाचट पेटतं. ऊस गेलेला असतो, खोडव्याला पाणी द्यायची घाई असते आणि एका काडीत रान मोकळं होतं. धूर थोडा वर चढतो आणि मग थंड रात्री नदीकाठच्या गावांवर तसाच आडवा पसरून राहतो. अशा धुरात नेमकं काय काय असतं आणि ते कुठवर पोचतं, याचा साऱ्या जगापुरता हिशेब मांडायला ज्यांनी सुरुवात केली, त्या शास्त्रज्ञाबद्दल मी आज बोलणार आहे. त्यांचं नाव पॉल क्रुट्झेन. रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या या माणसाची पदवी रसायनशास्त्राची नव्हती.

क्रुट्झेन यांचा जन्म १९३३ चा, ॲमस्टरडॅमचा. वडील वेटर, आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला. दुसऱ्या महायुद्धातला १९४४-४५ चा हिवाळा त्या शहरानं उपासमारीत काढला. अन्न नाही, जळण नाही. त्यांच्या वर्गातली काही मुलं भुकेनं आणि आजारानं गेली. पुढे शाळेच्या शेवटच्या परीक्षेत नेमका ताप भरला, गुण कमी पडले आणि विद्यापीठात जायला लागणारी शिष्यवृत्ती हुकली. घरच्यांवर भार नको म्हणून त्यांनी बांधकामाचं तांत्रिक शिक्षण घेतलं आणि महापालिकेच्या पूल बांधणाऱ्या विभागात नोकरी धरली.

लग्न फिनलंडच्या मुलीशी झालं, संसार स्वीडनमध्ये थाटला. तिथं १९५८ मध्ये वर्तमानपत्रात एक जाहिरात दिसली. स्टॉकहोमच्या हवामानशास्त्र विभागाला संगणकाचा प्रोग्रॅमर हवा होता. क्रुट्झेन यांना प्रोग्रॅमिंगचा काडीचाही अनुभव नव्हता. तरी अर्ज केला आणि निवड झाली. नोकरी सांभाळून ते तिथल्याच वर्गांत बसू लागले. प्रयोगशाळेतल्या तासांना वेळ देणं शक्य नव्हतं, म्हणून गणित, संख्याशास्त्र आणि हवामानशास्त्र हे विषय घेऊन १९६३ मध्ये पदवी मिळवली. ज्या घरांत बारावीच्या गुणपत्रिकेवरून मुलाचं आयुष्य ठरवून टाकतात, तिथं ही हकिगत आवर्जून सांगावी असं मला शिक्षक म्हणून फार वाटतं.

१९६५ च्या सुमारास एका अमेरिकन संशोधकाला मदत करायचं काम त्यांच्याकडे आलं: वातावरणात कोणत्या उंचीवर किती ओझोन, म्हणजे ऑक्सिजनच्या तीन अणूंचा वायू, असावा, हे संगणकावर काढायचं. काम करता करता ते त्या प्रश्नात गुंतले. तेव्हाची समीकरणं सोडवली तर जेवढा ओझोन निघायचा, तेवढा प्रत्यक्ष आकाशात सापडत नव्हता. काहीतरी त्याला खात होतं. ते काय, हे क्रुट्झेन यांनी १९७० च्या आपल्या निबंधात दाखवलं. नायट्रिक ऑक्साइडचा रेणू ओझोनमधला एक ऑक्सिजन अणू काढून घेतो आणि नायट्रोजन डायऑक्साइड होतो. मग तो अणू दुसऱ्या सुट्या ऑक्सिजन अणूला देऊन टाकतो आणि पुन्हा पहिल्यासारखा नायट्रिक ऑक्साइड होतो, पुढच्या ओझोनकडे वळायला मोकळा. स्वतः न संपता एकच रेणू कितीतरी वेळा हे करतो.

आता खरी गोष्ट ऐका. इतक्या उंचीवर हा नायट्रिक ऑक्साइड येतो कुठून? क्रुट्झेन यांचं उत्तर होतं: मातीतून. जमिनीतले जिवाणू नत्रावर प्रक्रिया करताना नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. हा खाली कशाशीच संयोग पावत नाही. हवेत शंभर वर्षांहून अधिक टिकतो, हळूहळू वर चढतो आणि ओझोनच्या थरात पोचला की तिथं फुटून त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. पायाखालची ढेकळं आणि डोक्यावर पंचवीस-तीस किलोमीटरवरचा ओझोन यांचं नातं असं जोडलं गेलं. आपण उसाला हात सैल सोडून युरिया टाकतो, तेव्हा पिकानं न उचललेल्या नत्राचा थोडा भाग याच वाटेनं जातो. मला विज्ञानातल्या ज्या थोड्या गोष्टी ऐकून अंगावर काटा येतो, त्यांत ही एक आहे.

त्याच नायट्रोजनच्या ऑक्साइडांची खाली, आपण श्वास घेतो त्या हवेत, वागणूक मात्र उलट. तिथं कार्बन मोनॉक्साइड आणि इतर अर्धवट जळलेले वायू सोबत असले आणि ऊन कडक असलं, तर ते ओझोन घडवतात. वरचा ओझोन आपल्याला सूर्याच्या घातक किरणांपासून वाचवतो, जमिनीलगतचा छातीला आणि पिकांना बाधतो. तासगाव, मिरज भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी एवढं लक्षात ठेवावं की ओझोननं द्राक्षाच्या पानावर बारीक तपकिरी ठिपके पडतात, अशी नोंद कॅलिफोर्नियात १९५८ मध्येच झालेली आहे. पानावरचा प्रत्येक ठिपका रोगाचाच असतो असं नाही.

यानंतर क्रुट्झेन अमेरिकेत बोल्डरला गेले. तिथल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात १९७७ ते १९८० या काळात हवेच्या गुणवत्तेचा विभाग त्यांच्याकडे होता. प्रदूषण म्हणजे श्रीमंत देशांतल्या गाड्या आणि गिरण्यांची धुराडी, अशी तेव्हाची समजूत होती. क्रुट्झेन यांना प्रश्न पडला की जंगलं, गवताळ रानं, पिकांचे अवशेष आणि चुली मिळून जगभर जे जळतं, त्याचं काय? कोलोरॅडोतल्या वणव्याच्या धुराचे नमुने विमानातून घेतले गेले. १९७९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी निबंध लिहिला: कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड असे कितीतरी वायू या साध्या आगींतून प्रचंड प्रमाणात बाहेर पडतात. पुढच्या वर्षी व्होल्फगांग झायलर यांच्यासोबत अंदाज मांडला की अशा आगींत दरवर्षी २०० ते ४०० कोटी टन कार्बन जळतो. ब्राझीलमध्ये कोरड्या ऋतूत मोजणी केली, तर जवळपास कारखाना नसलेल्या भागातही कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन वाढलेला निघाला.

पुढे जर्मनीतल्या माइन्त्स इथं, माक्स प्लांक संस्थेत, त्यांच्या गटानं गवत, पेंढा असं साहित्य बंदिस्त यंत्रणेत जाळून वायू मोजले. त्यात दिसलं की जळणातल्या नत्राचा मोठा हिस्सा साध्या नायट्रोजन वायूच्या रूपात उडून जातो. तो परत पिकाला मिळत नाही.

हे आपल्या रानाला लावून पाहू. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र धरलं तर ४० ते ५० किलो होतं, म्हणजे युरियाच्या दोनेक पोत्यांएवढं. शिवाय स्फुरद, पालाश आणि सगळ्यात मोलाचा सेंद्रिय कर्ब. नत्र आणि कर्ब आगीत जातात. पालाश राखेत उरतं, पण वारा आणि पाट त्यातलं बरंच वाहून नेतात.

शेतकरी हौसेनं पेटवत नाही, हे मला ठाऊक आहे. मजूर मिळत नाहीत, पाचटामुळे पाणी पुढे सरकत नाही, आंतरमशागत अडते. पण धूर सगळ्यांत आधी कुणाच्या अंगावर जातो? फडालगत कोप्या टाकून राहिलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या, त्यांच्या लेकरांच्या. त्यानंतर गावातल्या दमेकऱ्यांच्या. हवा स्वच्छ करायला २०१९ मध्ये जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या शहरांच्या यादीत आपलं सांगली आहे. शहराच्या हवेला वेस नसते, भोवतालच्या रानांचा धूर तिथंही येतोच.

किती लांब येतो, हे १९९९ साली दिसलं. क्रुट्झेन आणि आपले हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांच्या नेतृत्वाखाली हिंदी महासागरावर विमानं, जहाजं आणि मालदीवमधलं केंद्र यांच्या मदतीनं मोठी मोहीम झाली. हिवाळ्यात दक्षिण आशियातून निघालेलं तपकिरी धुरकट पटल समुद्रावर शेकडो कोस पसरलेलं आढळलं. त्यात गाड्या-कारखान्यांचा वाटा होता, तसाच चुलींचा आणि शेतातल्या आगींचाही. आपल्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची उंचावरची ढग प्रयोगशाळा आहे. सह्याद्रीवरच्या ढगांचा आणि हवेतल्या सूक्ष्म कणांचा अभ्यास तिथं चालतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनो, महाबळेश्वर म्हणजे फक्त स्ट्रॉबेरी नव्हे.

क्रुट्झेन यांना १९९५ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या ओझोनच्याच अभ्यासकांसोबत नोबेल मिळालं. अणुयुद्ध झालं तर पेटलेल्या शहरांच्या धुरानं भरदुपारी अंधार होईल, हा इशारा त्यांनी जॉन बर्क्स यांच्यासह १९८२ मध्ये दिला होता. २०२१ च्या जानेवारीत ते गेले.

एक काम मात्र उसाच्या जिल्ह्यात सांगायलाच हवं. २००८ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पिकांपासून बनणाऱ्या इंधनाचा हिशेब तपासला. नायट्रस ऑक्साइड पृथ्वीचं तापमानही वाढवतो. खनिज तेल वाचल्यानं तापमानवाढ रोखण्यात होणारा फायदा एक मानला, तर खतांमुळे निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचा तोटा किती? मक्याच्या इथेनॉलला आकडा निघाला ०.९ ते १.५, म्हणजे जवळजवळ सगळा फायदा धुऊन गेला, किंवा उलट तोटाच झाला. उसाला निघाला ०.५ ते ०.९. ऊस त्यात सरस ठरला, पण नत्र वाया जाऊ लागलं की हा आकडा वर सरकतो. आपले कारखाने इथेनॉल करतात, म्हणून नत्राची बचत हा आता नुसता खिशाचा प्रश्न राहिलेला नाही.

तेव्हा तोड झाली की बुडखे जमिनीलगत छाटा. पाचट एकाआड एक सरीत दाबून बसवा. यंत्र मिळालं तर कुट्टी करा. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू त्यावर टाकून पाणी द्या. ते रानातच कुजेल, ओल धरून ठेवेल आणि तणही कमी येईल. फलटण तालुक्यात पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तिथं किंवा आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात याची माहिती विचारा, आणि यंदाच्या खोडव्यात निदान एका एकरावर करून बघा.

नमस्कार.