मोगरा, लवंग आणि कॉस्टिकचं पाणी

[दृश्य: फोंड्याजवळच्या एका घराची पडवी. स्टीलच्या पातेल्यात पिवळसर, पातळ मिश्रण.]

या पातेल्यात साबण होतोय. त्यात खोबरेल आहे, ऑलिव्ह तेल आहे, भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल आहे आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी आहे. आत्तापर्यंत सगळं निवांत चाललंय. आता यात ३० ग्रॅम मोगऱ्याचं फ्रेग्रन्स ऑइल पडेल. नीट बघा, पुढचा प्रकार झटक्यात होतो.

[दृश्य: सुगंधी तेल पडतं. चमचा फिरता फिरता अडकतो.]

झालं. साच्यात धारेनं ओतायचा साबण आता उलथण्यानं उकरावा लागेल. साबण करणारे याला ‘सीझ झाला’ म्हणतात. घरातल्या काकू मात्र शांत आहेत, कारण हा घाणा त्यांनी आपल्याला दाखवण्यासाठी मुद्दाम बिघडवलाय.

कोल्ड प्रोसेस साबण चुलीवर शिजत नाही. तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकत्र आलं की त्यांची रासायनिक क्रिया आपली आपण सुरू होते, आणि लागणारी उष्णता तीच तयार करते. मिश्रण दाटत जातं. चमच्यातून पडलेल्या थेंबाची खूण पृष्ठभागावर क्षणभर राहू लागली, की ट्रेस आला. रंग घालणं, नक्षी काढणं, ओतणं ही सगळी कामं त्यानंतरच्या थोड्या मिनिटांत उरकायची. सुगंध बिनत्रासाचा असेल तर ही मिनिटं पुरतात. अवघड असेल तर ती मिळतच नाहीत.

[दृश्य: सावई वेऱ्याच्या बाजूची कुळागरं, म्हणजे सुपारी-मसाल्याच्या बागा. लवंगेचं झाड, दालचिनीची पानं.]

अवघड कोण? मसाले आणि फुलं. गोव्यात नेमकी हीच दोन्ही हवीहवीशी.

लवंगेचं कारण स्पष्ट आहे. लवंगतेलाचा मोठा भाग, साधारण ७० ते ८५ टक्के, युजेनॉल असतो. युजेनॉल हा फिनॉल जातीचा, म्हणजे किंचित आम्लधर्मी. कॉस्टिक समोर आलं की तो लगेच त्याच्याशी जुळतो, आणि त्यातून तयार होणारा क्षार तेल आणि पाणी यांना भराभर एकत्र आणतो. जे काम अर्ध्या तासात व्हायचं, ते अर्ध्या मिनिटात होतं. दालचिनीच्या पानांच्या तेलातही हाच युजेनॉल. सालीच्या तेलात मात्र सिनॅमाल्डिहाइड मुख्य, आणि ते अंगाला चुणचुणतं. त्यामुळे काकू सालीचं तेल साबणात घालतच नाहीत, आणि मला ते पटतं. वास कितीही सुंदर असला तरी साबण शेवटी अंगालाच लावायचाय.

मोगरा, जाई, लिली यांचे बाटलीतले वास म्हणजे अनेक रसायनांचं मिश्रण. त्यातलं कुठलं घात करतं हे बाटली सांगत नाही. एका विक्रेत्याचा मोगरा गुणी निघतो, दुसऱ्याचा पातेल्यातच दगड होतो. म्हणून नवी बाटली आली की आधी अर्धा किलो तेलाचा छोटा घाणा. उदबत्तीसाठी किंवा मेणबत्तीसाठी विकलेला वास तर घ्यायचाच नाही. तो त्वचेसाठी तपासलेला असेलच असं नाही.

मग खरी फुलंच घातली तर? बाजारात अबोली, शेवंती, सुरंगीचे वळेसर बघितले की हा मोह कुणालाही होईल. पण कॉस्टिकमध्ये बहुतेक पाकळ्या तपकिरी होतात आणि त्यांचा नाजूक गंध टिकत नाही. देवासमोरच शोभतात त्या.

[दृश्य: काकू भिरंडेलाचा पांढरा गोळा हातात धरून दाखवतात.]

आता या गोळ्याकडे बघा. हेच ते भिरंडेल. थंडीत पाय फुटले की गोव्यात घरोघरी हेच बाहेर निघतं. साबणात घातलं तर वडी टणक होते, जास्त दिवस पुरते. पण यात घट्ट मेदाम्लं भरपूर, त्यामुळे मिश्रण मुळातच लवकर दाटतं. त्यातून साबण थंड ठेवायला गेलं तर हे तेल नुसत्या गारव्यानंच गोठतं आणि ट्रेस आल्याचा आभास होतो.

“भिरंडेल घातलं की मोगरा हातात राहत नाही,” काकू म्हणतात. “बिनवासाच्या साबणात घाला हवं तेवढं.”

त्यांच्या कामाचा सगळा क्रम या एका वाक्यात आहे. बहुतेक जण आधी तेलं ठरवतात आणि सुगंध शेवटी. काकू उलटं करतात. सुगंध कोणता, हे पहिलं. तेलं, पाणी, नक्षी त्याच्या मागोमाग.

[दृश्य: वजनकाटा. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. कॉस्टिकचे पांढरे तुकडे पाण्यात पडतात, वाफ येते.]

मोगऱ्यासाठी त्यांचं माप ऐका. ऑलिव्ह ५०० ग्रॅम, राइस ब्रान म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं तेल २५०, खोबरेल २५०. सगळी सावकाश दाटणारी नाहीत, पण ऑलिव्ह आणि राइस ब्रान खोबरेलाला आवर घालतात. याला कॉस्टिक १३९ ग्रॅम, म्हणजे पाचेक टक्के तेल साबण न होता शिल्लक राहतं. तेल बदललं की हा आकडाही बदलतो, नुसता उतरवून घेऊ नका. पाणी एरवी २७८ ग्रॅम लागलं असतं, इथं ३२४. पाणी वाढलं की क्रिया मंदावते. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. आणि अॅल्युमिनियमचं भांडं जवळपाससुद्धा नको, कॉस्टिक ते खातं.

हे पाणी सुरुवातीला इतकं तापतं की पातेल्याला हात लावता येत नाही. ते ३० अंशांच्या आसपास येईपर्यंत काकू थांबतात. गोव्यात तेलं वर्षातले बहुतेक दिवस पातळच असतात, ती तापवावी लागत नाहीत. ही इथल्या हवेची मेहेरबानी. पुढे हीच हवा त्रासही देणार आहे.

हँड ब्लेंडर त्या दोन-तीनदाच दाबतात, तेल-पाणी एकजीव दिसेपर्यंत. मोगरा त्यानंतर, आणि हातानं ढवळून. पाच रंगांच्या लाटा विसरा. एकच रंग, तोही आधीच तेलात कालवलेला. साचा हाताशी.

[दृश्य: दुसरं पातेलं. मिश्रणात बारीक दाणे.]

कधी कधी दाटण्याऐवजी अशा कण्या धरतात. ब्लेंडर फिरवला की कण्या मोडतात, पण मिश्रण घट्ट होतं. गुळगुळीत आणि पातळ, दोन्ही एकदम मिळत नाही.

आणि सुरुवातीचा तो अडकलेला घाणा? टाकायचा नाही. झाकून ठेवला की तो आतून तापतो, कडेनं पारदर्शक होतो आणि मऊ पडतो. तेव्हा ढवळून चमच्यानं साच्यात दाबायचा आणि साचा ओट्यावर आपटायचा. तापला नाहीच, तर उकळत्या पाण्यावर धरायचा. वडी ओबडधोबड दिसते. अंगाला फरक कळत नाही.

[दृश्य: फळीवर वड्या. पांढरट, तपकिरी, जवळजवळ काळी.]

व्हॅनिलाची गोष्ट वेगळी. तो पातेल्यात गुणी असतो, रंग नंतर दाखवतो. त्यातलं व्हॅनिलीन हवेत हळूहळू तपकिरी होतं. पांढरा रंग घालून हे थांबत नाही, फक्त थोडं फिकं दिसतं. साबणाचा काही भाग बिनवासाचा ओतून दुरंगी वडी करता येते, पण काही आठवड्यांत तपकिरी रंग पांढऱ्यात उतरतो. माझ्या मते सरळ तपकिरी साबण करावा आणि तपकिरीच विकावा.

संत्र्याचं तेल बिचारं काहीच बिघडवत नाही. फक्त निघून जातं. गवती चहाचा वास त्याहून जास्त टिकतो.

[दृश्य: पाऊस. पडवीत पंखा, फळीवर अंतर ठेवून मांडलेल्या वड्या.]

ओतलेला साबण थंडीच्या मुलखात गोधडीत गुंडाळतात. इथं ते नको. लवंग किंवा नारळाचं दूध असलेला साबण आधीच तापतो, गुंडाळला तर फुगून मधोमध चिरतो. काकू साचा पंख्याखाली ठेवतात. वड्या कापल्यावर चार ते सहा आठवडे वाळवायच्या. पावसाळ्यात साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, वडीवर घामासारखे थेंब येतात. पुसत बसण्यापेक्षा हवा खेळती ठेवायची, आणि मोगऱ्याची फळी व्हॅनिलापासून दूर.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, लोक भेट द्यायला साबण मागतात. सहा आठवडे मोजले तर तो आषाढातच साच्यात जायला हवा, ऐन दमटात. त्या घाण्यात काकू मोगरा घेत नाहीत. गवती चहा, ऑलिव्ह जरा कमी आणि यंदाचं भिरंडेल. कोणी मोगराच हवा म्हणून अडून बसलं, तर त्यांना दिवाळीची तारीख मिळते.