भाजलेला उतार: कोत-रोतीची वाइन एवढी महाग का?

नमस्कार मंडळी. ही माझी जेवायची थाळी आणि हा मोबाइलचा टॉर्च.

(थाळी आडवी धरून)

टॉर्च म्हणजे सूर्य. तो जरा कललेला धरलाय, कारण आज आपण फ्रान्सात आहोत, विषुववृत्तापासून 45 अंश उत्तरेला. उजेड बघा, कसा लांबट आणि फिका पडलाय. आता थाळीचं तोंड टॉर्चकडे करते. टॉर्च तोच, पण आता उजेड एकवटला आणि झगझगीत झाला. आजच्या व्हिडिओतला डोंगर नेमकं हेच करतो.

त्याचं नाव कोत-रोती. ‘रोती’चा आपल्या रोटीशी काही संबंध नाही, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ भाजलेला. भाजलेला उतार! लिऑन शहराच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर व्हिएन नावाचं जुनं रोमन गाव आहे. ते ओलांडलं की रोन नदी नैर्ऋत्येला वळते, आणि तिच्या उजव्या काठचा डोंगर आग्नेयेला तोंड करून बसतो. सकाळपासून ऊन अंगावर. इतक्या उत्तरेला सिरा हे काळं द्राक्ष पिकतं ते या उन्हाच्या जोरावर.

सिरा ओळखीचं नाही वाटलं? आपल्या नाशिकच्या बाटल्यांवर ‘शिराझ’ लिहिलेलं असतं, ते हेच. इराणच्या शिराझ शहरातून ते आलं, ही गोष्ट रंगवून सांगितली जाते, पण 1990च्या दशकाच्या शेवटी डीएनए तपासला तेव्हा आईबाप फ्रान्समधलेच निघाले: दुरेझा आणि मोंदूझ ब्लांश.

आता उताराकडे या. काही ठिकाणी चढ 60 टक्के आहे. शंभर पावलं पुढे जाताना साठ पावलं वर चढायचं! तिथे ट्रॅक्टर चालत नाही. म्हणून चुना-सिमेंट न घालता, दगडावर दगड रचून गडगे घातलेत आणि त्यांच्यामागे माती अडवलीय. काही पायऱ्या इतक्या अरुंद, की वेलीच्या जेमतेम दोन-तीन ओळी मावतात. मांडव वगैरे विसरा. प्रत्येक वेलीला लाकडी खुंट, आणि बऱ्याच ठिकाणी दोन खुंटांची डोकी एकत्र बांधून कैची केलेली, वाऱ्यात वेल उभी राहावी म्हणून. हेक्टरी आठ-दहा हजार वेली. छाटणी हातानं, तोडणी हातानं, आणि भरलेले क्रेट माणसांनीच उतरवायचे. मोठा पाऊस झाला की माती खाली घसरते. पूर्वी ती टोपल्यांत भरून पाठीवरून परत वर नेत. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा बाटलीच्या किमतीवरची माझी कुरकुर थांबली.

हे सगळं सोडून द्यायची वेळ आलीच होती. फिलॉक्झेरा या किडीनं वेलींची मुळं खाल्ली, मग पहिल्या महायुद्धानं तरणी माणसं नेली. आंपुई हे इथलं मुख्य गाव, तिथे लोक जर्दाळू लावू लागले, काही जण कारखान्यांत गेले. 1940 मध्ये ‘कोत-रोती’ या नावाला सरकारी मानांकन मिळालं, तरी 1970च्या सुमारास लागवड उरली होती जेमतेम 70 हेक्टर. पुढे गिगाल या वाइन बनवणाऱ्या घराण्यानं जमिनीच्या एकेका तुकड्याची वाइन वेगळी काढली. त्यातली ‘ला मूलिन’ 1966ची. 1980च्या दशकात जगाचं लक्ष गेलं आणि पडीक गडगे पुन्हा उभे राहिले. आज तीनशे हेक्टरच्या वर लागवड आहे.

मला सगळ्यात गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. या लाल वाइनमध्ये व्हिओनिये हे पांढरं द्राक्ष घालायला परवानगी आहे, 20 टक्क्यांपर्यंत. बहुतेक जण त्याहून खूप कमी घालतात, काही जण अजिबात नाही. पण घालायचं तर तयार वाइन ओतून चालत नाही, दोन्ही द्राक्षं एकाच टाकीत एकत्र आंबवावी लागतात. पांढऱ्यानं लाल रंग फिका पडेल असं वाटतं ना? होतं उलटंच. पांढऱ्या द्राक्षाच्या सालीतले बिनरंगी घटक लाल रंगाला धरून ठेवतात, आणि वाइन आणखी गडद दिसते. जर्दाळूसारखा हलका वास येतो, तो वेगळाच.

(मिरीची डबी उघडून)

शेवटी ही मिरी. थंड भागातल्या सिराला मिरीचा वास येतो म्हणतात, ती नुसती कविकल्पना नाही. रोटंडोन नावाचा एक रेणू आहे. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी तो शिराझमध्ये ओळखला, आणि मिरीतही तोच आहे. उष्ण हवेत पिकलेल्या द्राक्षात तो सहसा कमी असतो, म्हणून आपल्याकडच्या शिराझमध्ये मिरी शोधत बसू नका. आणि साधारण पाचातल्या एका माणसाच्या नाकाला हा रेणू कळतच नाही. मला येतो वास. माझा नवरा तोच ग्लास हातात धरून ‘कुठेय मिरी?’ विचारत बसतो. तुमच्या घरात कोण कोणत्या बाजूला, ते खाली लिहा.