तेलाचा साठा मोजतात कसा?

मंडळी, दादर चौपाटीवरून सरळ पश्चिमेला निघालात, तर साधारण 160 किलोमीटरवर बाँबे हाय लागतं. 1974 साली ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या जहाजानं खोदलेल्या विहिरीत तिथं तेल लागलं आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. तेव्हापासून मुंबईकर विचारतो, किती वर्षं पुरेल? प्रश्न रास्त आहे. पण साठ्याचा आकडा छापून येतो तेव्हा तो निघाला कसा, हे कुणी सांगत नाही. आज मला तेच सांगायचं आहे.

जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. बाँबे हायचं तेल मुख्यतः चुनखडीत आहे. विहिरीतून दगडाचा दंडगोल काढतात, त्याला कोअर म्हणतात. हातात घेतला तर जड, घट्ट लागतो; भिंगाखाली धरला की छिद्रं दिसतात. तेल असतं ते त्या छिद्रांत, आणि तिथंही पाण्याबरोबर वाटणी करून.

आता हिशेब करू. समजा, क्षेत्र 10 चौरस किलोमीटर, थराची जाडी 20 मीटर, छिद्रं 20 टक्के, त्यांतलं पाणी 30 टक्के. म्हणजे खाली तेल 2 कोटी 80 लाख घनमीटर. पण वर येताना दाब उतरतो, विरघळलेला वायू सोड्याच्या बाटलीतल्यासारखा सुटतो आणि तेल आकसतं. त्यासाठी 1.3 नं भागायचं. उरले सुमारे 2 कोटी 15 लाख.

आता जाडी 17 मीटर धरा, छिद्रं 17 टक्के, पाणी 35. फरक किरकोळ वाटतो ना? उत्तर येतं 1 कोटी 45 लाखांच्या आसपास. एक तृतीयांश साठा कागदावरच गेला! आणि हे आकडे येतात कुठून? जेमतेम साडेआठ इंच रुंदीच्या विहिरींतून. दोन विहिरींच्या मधे किलोमीटरभर दगड कुणी पाहिलेलाच नसतो. तिथं भूकंपलहरींच्या, म्हणजे मुद्दाम जमिनीत सोडून परत टिपलेल्या लहरींच्या, नकाशावर भिस्त. म्हणून प्रामाणिक अहवालात तीन आकडे असतात: निदान एवढा साठा आहेच अशा नव्वद टक्के खात्रीचा, पन्नास टक्क्यांचा आणि दहा टक्क्यांचा. वर्तमानपत्रात त्यांतला एकच येतो, आणि तोही बहुधा दगडात असलेल्या तेलाचा. त्यातलं बरंचसं छिद्रांना धरून बसतं, बाहेर येतच नाही. हा भेद वाचकाला सांगायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

उत्पादन सुरू झालं की दुसरी वाट सापडते. वायूच्या साठ्यात ती फार सुरेख चालते. किती वायू काढला आणि दाब किती उतरला, याचा आलेख मांडायचा. वायूच्या वागण्याची दुरुस्ती करून घेतली की बिंदू सरळ रेषेत येतात. ती रेषा दाब शून्य होईपर्यंत वाढवली की मूळ साठा कळतो. मात्र खालून पाणी शिरत असेल, तर दाब टिकून राहतो आणि रेषा साठा फुगवून दाखवते. त्यामुळे आधी पाण्याचा छडा लावायचा, मगच रेषा ओढायची.