इंजिनाचा ब्रीदर कशासाठी असतो?

श्रोते हो, नमस्कार.

आज बॉनेटखालच्या एका नळीबद्दल बोलायचं आहे. बोटाएवढी जाड, बहुतेक गाड्यांत रबराची. तिला ब्रीदर म्हणतात. गाडी गॅरेजला गेली की ऑइल बदललं जातं, फिल्टर बदलला जातो, ब्रेक बघितले जातात, पण या नळीला सहसा कुणी हात लावत नाही. आणि ती तुंबली तर चांगलं धडधाकट इंजिन आजारी दिसायला लागतं.

आधी आत काय चालतं ते बघू. सिलिंडरमध्ये इंधन जळतं, त्याचा दाब पिस्टनला खाली ढकलतो. हा दाब अडवायला पिस्टनला रिंगा असतात. रिंगा कितीही नव्या असू देत, थोडा वायू त्यांना चुकवून खाली उतरतोच. खाली म्हणजे जिथं क्रँक, पिस्टननं फिरणारा इंजिनाचा दांडा, फिरतो आणि तळाला ऑइल असतं त्या बंद पोकळीत, क्रँककेसमध्ये. आपल्याकडचे मेस्त्री याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. नव्या इंजिनात ते कमी, झिजलेल्यात जास्त. पण असतं सगळ्यांत.

हा वायू जाणार कुठं? वाट दिली नाही तर आत दाब वाढतो. कुकरची शिट्टी अडकली की वाफ झाकणाच्या रिंगमधून फुसफुसत बाहेर येते, ते तुम्हाला सांगायला नको. इथंही तसंच. दाब ऑइलला ढकलतो आणि ऑइल मिळेल तिथून बाहेर येतं, सीलमधून, पॅकिंगमधून, ऑइल किती आहे ते बघायच्या गेजच्या पट्टीच्या भोकातून.

त्या वायूत नुसता धूर नसतो, पाणीही असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांवरून खाली येतं. हे पाणी, न जळलेलं इंधन आणि आम्लं ऑइलात मिसळली की ऑइलचा काळा गाळ होतो. म्हणजे ब्रीदरची कामं दोन. आतला दाब सोडायचा आणि आतली वाफ काढून टाकायची. पुन्हा सांगतो, दाब आणि वाफ.

आता एका जीपची गोष्ट सांगतो. गाड्यांचा विषय निघाला की मी ती सांगतोच.

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, एका तरुणाची जुनी डिझेल जीप होती. सकाळी दुधाचे कॅन आणि माणसं घेऊन बेळगावला यायची, सणासुदीला चोर्ला घाटातून गोव्याची वर्दी मारायची. एका उन्हाळ्यात त्या पोराचा पाय मोडला. जीप गोठ्याशेजारच्या मांडवात उभी राहिली ती पावसाच्या तोंडापर्यंत. पाय बरा झाला, बॅटरी चार्ज केली, जीप सुरू झाली. आठ दिवसांत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल टपकायला लागलं.

गॅरेजवाला म्हणाला, क्रँकचं मागचं सील गेलं. ते बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उतरवला, सील घातलं, पैसे दिले. थोड्या दिवसांत परत ऑइल. आता म्हणे सील डुप्लिकेट लागलं. परत गिअरबॉक्स खाली, परत नवं सील. परत तेच. एव्हाना ऑइल क्लचप्लेटवर गेलं होतं. कणकुंबीच्या अलीकडं चढाला इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. क्लच घसरतोय. मागं वाहनांची रांग.

इथं एक बोलतोच. घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची असते. नियमही तसाच आहे. आपल्या घाटांत आजकाल उतरणारेच हेडलाइट मारत अंगावर येतात. चढावर एकदा थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलायला क्लचला काय सोसावं लागतं ते या मंडळींना कुणीतरी शिकवायला पाहिजे. असो.

शेवटी गॅरेजनं निकाल दिला. इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलाय, इंजिन उतरवावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून घरात बायकोच्या पाटल्या गहाण ठेवायची भाषा सुरू झाली. पोरगा अंदाज विचारायला बेळगावात उद्यमबागेतल्या एका क्रँक ग्राइंडिंगच्या दुकानात आला. मी तिथं माझ्या कामासाठी उभा होतो, म्हणून हे सगळं समोर बघायला मिळालं.

दुकानातले मेस्त्री सत्तरीचे. म्हणाले, “इंजिन कशाला काढतोस, आधी गाडी दाखव की.”

“मेस्त्री, बॅक कॉम्प्रेशन आहे ओ. ऑइलचं टोपण उघडलं की धूर येतोय.”

“येऊ दे. चालू कर.”

जीप चालू केली. मेस्त्रींनी गेजची पट्टी थोडी वर ओढली, तर फस्स करून आवाज आला आणि ऑइलचे थेंब उडाले. टोपण सैल केलं, तर ते जागेवर थरथरायला लागलं. पोराचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हेही इंजिन उतरवा म्हणणार. पण मेस्त्री खाली वाकले आणि इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून, टॅपेट कव्हरवरून, खाली आलेल्या ब्रीदरच्या तोंडाशी त्यांनी तळहात धरला. बराच वेळ धरला. मग पोराचा हात ओढून तिथं लावला.

“काय लागतंय?”

“काहीच नाही.”

“मग? आत एवढा दाब आहे, तर इथून वारा यायला नको काय? खरंच बोअर गेला असता तर इथून धुराचा झोत आला असता.”

गाडी बंद केली, क्लिप सोडली, पाइप काढला. आत तार घातली तर अडली. जोर दिला तशी वाळलेली माती पडली, एक ढेकूळ, मग दुसरं. मेस्त्रींनी ते बोटानं फोडलं. आत सुबक गोल कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात मेलेले बारके कोळी, दाटीवाटीनं भरलेले. कुंभारीण माशीचं घर! जीप मांडवात उभी असताना तिनं तो पाइप बघितला आणि आपल्या पिल्लांची सोय केली. दोनदा गिअरबॉक्स उतरला, पाटल्यांची गोष्ट निघाली, ती चिमूटभर मातीपायी.

पाइप डिझेलनं धुतला, कॉम्प्रेसरची हवा मारली, परत बसवला. गाडी चालू केल्यावर ब्रीदरच्या तोंडाशी कोमट, हलका वारा लागला. टोपण गप्प बसलं. मागचं सील मुळात चांगलंच होतं, गळती थांबली. एक क्लचप्लेट तेवढी घालावी लागली.

मेस्त्रींनी मजुरी घेतली, नीट मागून घेतली. त्यांनी घेतली हे मला फार बरं वाटलं. आपल्याकडं पार्टचे पैसे माणूस खुशीनं देतो आणि निदानाचे द्यायला कुरकुरतो. मग गॅरेजवाले पार्टच बदलणार, दुसरं काय करणार?

वेळ थोडा राहिला, म्हणून पेट्रोल गाड्यांचं भराभर सांगतो. त्या जीपचा ब्रीदर उघड्यावर सुटायचा. पूर्वी बहुतेक गाड्यांचं तसंच होतं. पण त्या वायूत न जळलेलं इंधन असतं. अमेरिकेत लॉस एंजेलिसवर दाट धुरकं साचायला लागलं. गाड्यांतून आणि कारखान्यांतून सुटणारे वायू उन्हात मिसळून ते तयार होतं, हे १९५० च्या दशकात आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानं दाखवलं. मग १९६१ मध्ये कॅलिफोर्नियानं ब्रीदरचा वायू बाहेर न सोडता परत इंजिनात नेऊन जाळायचं बंधन आणलं. गाड्यांच्या प्रदूषणावरचा तिथला हा पहिलाच उपाय, सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरावरच्या उपायांच्याही आधीचा.

आजच्या पेट्रोल गाडीत या वाटेवर बहुधा एक छोटा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, पीसीव्ही. इंजिन शांत चालू असताना त्याची हवा आत खेचायची ओढ जोरात असते, तेव्हा तो वाट आखडतो. वेग घेतला, वायू वाढला, की वाट मोकळी करतो. तो उघडा अडकला तर आयडलिंग बिघडतं, ऑइल जास्त जळतं. बंद अडकला तर जीपचीच गत.

तुम्ही घरी काय बघायचं? इंजिन थंड आणि बंद असताना ऑइलचं टोपण काढून आतून बघा. आपल्या पावसात, गाडी गावातल्या गावात, टिळकवाडी ते शहापूर एवढीच फिरत असेल, तर तिथं पांढरट चिकट थर दिसतो. इंजिन पुरतं तापत नाही, वाफ निघून जात नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग पळवा, खानापूरपर्यंत जाऊन या. तरी थर येत राहिला तर ब्रीदर तपासायला सांगा. त्याबरोबर रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेडचं पॅकिंग बघायला हवं. तो आजार वेगळा. एअर फिल्टरला ऑइल लागलेलं दिसलं, पट्टी आपोआप वर आली, सील बदलूनही गळती थांबली नाही, तर गिअरबॉक्स उतरवायच्या आधी ब्रीदर. हे लक्षात ठेवा, आधी ब्रीदर.

आणि व्हॉल्व्ह बदलायचाच झाला तर जुना काढून दुकानात सोबत न्या, गाडीचं मॉडेल आणि साल सांगा. आकार सारखा दिसला तरी स्प्रिंग प्रत्येक इंजिनाच्या ओढीप्रमाणे असते, दुसऱ्या गाडीचा चालत नाही. नमस्कार.